जुनं मिडसाइझ बिझनेस जेट घेताना काय तपासावं?

तुमचा प्रश्न असा आहे: ह्यूस्टनमध्ये तुमची कंपनी आहे, एक जुनं हॉकर ८००एक्सपी खूपच कमी किमतीत मिळतंय, रंग आणि सीट नुकत्याच नव्या केल्यात, तर घ्यावं का?

मी अमेरिकेतच बिझनेस जेटच्या देखभालीचं काम करतो आणि हे विमान मला मनापासून आवडतं. मूळ आराखडा १९६२ साली पहिल्यांदा उडालेल्या डी हॅविलंड १२५चा, बांधणी दणकट, आठ माणसं आरामात बसतात. पण रंग आणि सीट बघून अजिबात भुलू नका. एवढ्या जुन्या विमानाची खरी किंमत ठरते ती इंजिनांचे किती तास शिल्लक आहेत आणि कागद किती पूर्ण आहेत यावर.

या विमानाला हनीवेलची दोन टीएफई७३१ इंजिनं असतात. दर २,१०० तासांनी मोठी तपासणी आणि ४,२०० तासांनी इंजिनाचा गाभा उघडून काम. दोन्ही इंजिनांचं हे काम एकदम अंगावर आलं, तर स्वस्तात घेतल्याचं सगळं समाधान तिथेच संपतं. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: इंजिनं एमएसपीवर, म्हणजे हनीवेलच्या देखभाल योजनेवर आहेत का? या योजनेत मालक उड्डाणाच्या प्रत्येक तासामागे ठरावीक रक्कम भरत जातो आणि ही मोठी कामं त्यातून होतात. ‘आहेत’ एवढ्या तोंडी उत्तरावर जाऊ नका. खातं चालू आहे, थकबाकी नाही आणि ते तुमच्या नावावर होऊ शकतं, असं हनीवेलकडून लेखी घ्या.

मग लॉगबुकं, म्हणजे विमानाच्या उड्डाणांच्या आणि देखभालीच्या नोंदवह्या. पहिल्या दिवसापासूनची, सलग. मधलं एखादं हरवलं असेल तर त्या काळात काय बदललं, कोणता सुटा भाग कुठून आला, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. असं विमान मी तरी कोणाला घ्यायला सांगणार नाही. लँडिंग गिअरचं ओव्हरहॉल १२ वर्षांनी येतं, त्याची तारीख बघा. पंखांच्या पुढच्या कडेला बर्फ धरू नये म्हणून टीकेएस नावाचं बर्फरोधक द्रव पाझरवणारी पॅनेल असतात. उष्ण प्रदेशात ती वापरलीच जात नाहीत, छिद्रं बुजतात आणि बदलायला महाग पडतात. विमान समुद्रकाठी वर्षानुवर्षं उभं असेल तर गंजासाठी फरशीखालचा भाग उघडून बघायलाच हवा.

खरेदीआधीची ही सगळी तपासणी तुम्ही निवडलेल्या वर्कशॉपमध्ये करा, जिथे विक्रेता नेहमी देखभाल करून घेतो तिथे नको. दोन्ही इंजिनांची बोरोस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) पाहणी, तेलाचे नमुने आणि चाचणी उड्डाण तिच्यात हवंच. सापडलेले दोष कोण दुरुस्त करणार हे करारात आधी लिहून घ्या. अनामत रक्कम एस्क्रोत, म्हणजे तटस्थ तिसऱ्याच्या खात्यात ठेवा, तपासणीनंतर ‘घेतो’ असं लेखी देईपर्यंत ती परत मिळण्याजोगी असू द्या. विमानावर कर्जाचा बोजा आहे का, याचा शोध ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या (अमेरिकी विमान वाहतूक नियामकाच्या) नोंदीत आणि विमानांवरच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय रजिस्ट्रीत, दोन्हीकडे घ्यायला सांगा.

आपल्या लोकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. एच-१बीवर असलेल्या माणसाच्या नावावर अमेरिकेत विमान थेट नोंदवता येत नाही, त्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. कंपनीच्या नावावर घ्यायचं तर अध्यक्ष आणि किमान दोन तृतीयांश संचालक अमेरिकी नागरिक हवेत, शिवाय मतदानाचे ७५ टक्के हक्कही नागरिकांकडे हवेत. एरवी बहुतेक जण ट्रस्टमार्फत नोंदणी करतात. तुमचे भागीदार कोण आहेत ते पाहून विमानविषयक वकिलाला आत्ताच गाठा.

पुढेमागे हे भारतात न्यायचा विचार असेल तर सोडून द्या. तिकडे आयात होणाऱ्या विमानांना वयाची अट आहे आणि खासगी वापराच्या विमानावर सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के जीएसटी आहे.

विक्रेत्याला आजच ईमेल करून तीन गोष्टी मागवा: एमएसपीचं पत्र, पुढे कोणती तपासणी कधी येते याची यादी आणि लॉगबुकांच्या स्कॅन प्रती. त्या आल्याशिवाय विमान बघायला जाण्याचा खर्चसुद्धा करू नका.