काढ्यासाठी मोडलेली झोप

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशन कक्षात गेल्या काही वर्षांत एक प्रश्न इतक्या जणींनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. "मॅडम, ताणाने माझ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्या असतील का? त्यासाठी कोणती वनस्पती घेऊ?"

वैशालीताई (नाव बदलले आहे) हाच प्रश्न घेऊन आल्या. वय ४३, घर कासारवडवलीला, नोकरी ऐरोलीला. त्यामुळे घोडबंदर रस्त्यावरची कोंडी आणि पुढे ट्रान्स हार्बरची लोकल हे दोन्ही रोजचेच. रक्तदाबाची गोळी चालू होती. "जे जे घेता ते सगळे पुढच्या वेळी घेऊन या," असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी कापडी पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली: अश्वगंधाच्या कॅप्सूल, ब्राह्मीचे सिरप, तुळशीचा अर्क, जटामांसीचे चूर्ण आणि लोणच्याच्या जुन्या बरणीत ज्येष्ठमधाची पूड. बरणीवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहिले होते, "पहाटे, १ चमचा, उकळून".

ज्येष्ठमध पाहून मी त्यांना त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवले. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन या घटकामुळे शरीरात कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचा प्रभाव वाढतो, मीठ-पाणी साठून रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. रक्तदाबाच्या रुग्णाने ते रोज घेणे धोक्याचे आहे. ग्रंथींना आधार म्हणून तेच सुचवले जाते, याची मला मनापासून काळजी वाटते.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात. ते पहाटे वाढते आणि रात्री उतरते. ताणाने त्या 'थकतात' ही कल्पना १९९८ मध्ये निसर्गोपचारक जेम्स विल्सन यांनी मांडली, परंतु अंतःस्रावतज्ज्ञ (संप्रेरकांच्या आजारांचे डॉक्टर) तिला आजार मानत नाहीत. या ग्रंथी खरोखर निकामी होण्याचा आजार वेगळा आहे. थॉमस अ‍ॅडिसन या इंग्लिश डॉक्टरांनी १८५५ मध्ये त्याचे वर्णन केले. वजन घटणे, त्वचा काळवंडणे, उभे राहताच चक्कर येणे, खारट खाण्याची तीव्र इच्छा होणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि त्यावर कोणताही काढा पुरेसा नाही. थकवा सरत नसेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासून घ्यावे, असे मी प्रत्येकीला सांगते.

वैशालीताईंच्या तपासण्यांत विशेष काही निघाले नाही, ज्येष्ठमध बंद झाले, तरी थकवा होता तसाच राहिला. चौथ्या भेटीत मी त्यांना कागदावर त्यांचा दिवस मांडायला सांगितले. ११.४५ ला झोप, ४.४५ ला जाग, ५.१५ ला डबे.

"डबे सव्वापाचला, मग पावणेपाचला कशासाठी उठता?"

"काढ्याला. चार कपांचा एक कप व्हायला अर्धा तास लागतो." ज्येष्ठमध गेले तरी तुळस-जटामांसीचा काढा चालूच होता.

"आणि काढा कशासाठी?"

"थकवा जावा म्हणून..." त्या मध्येच थांबल्या. पेन त्या आकड्यावर तसेच टेकून राहिले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मॅडम, मी झोप मोडून थकव्याचे औषध उकळते आहे."

मी काहीही बोलले नाही. इतक्या वर्षांच्या कामातून मला एवढे कळले आहे की अशा क्षणी समुपदेशकाने गप्प राहावे. जे वाक्य माणसाला स्वतःला सापडते, तेच त्याच्याबरोबर घरी जाते. 'केलेच पाहिजे' असा हट्टच माणसाला त्रास देतो, असे मानणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत मी घडले, त्यामुळे माझे कान याच शब्दांकडे लागलेले असतात. सासूबाईंचे पथ्य, मुलाचा डबा, रात्रीचे परदेशी कॉल आणि आता स्वतःची तब्येतही वैशालीताईंच्या 'मलाच केले पाहिजे' या यादीत जाऊन बसली होती. वनस्पती विचारायला येणाऱ्या बहुतेक जणींत मला हेच दिसते: विश्रांती मागण्याचा संकोच वाटतो, औषध मागण्याचा वाटत नाही.

पुढच्या भेटीला त्यांचे यजमान आले. "मला हिने कधी सांगितलेच नाही," असे ते म्हणाले, आणि ते खरे होते. दोन डबे त्यांच्याकडे गेले. रात्री दहानंतरचे कॉल आठवड्यातून दोनच दिवस घेण्याची सवलत वैशालीताईंनी कार्यालयात मागून घेतली.

वनौषधींना माझा विरोध नाही. अश्वगंधाने ताण आणि झोप यांत काहीसा फरक पडल्याचे काही आठवड्यांच्या छोट्या चाचण्यांत आढळले आहे. मात्र गर्भारपणात ती टाळावी, थायरॉइड किंवा यकृताचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि डोळे किंवा लघवी पिवळी दिसताच ती थांबवून तपासणी करावी. पाच गोष्टी एकदम सुरू केल्या तर कशाने बरे वाटले आणि कशाने बिघडले हे कळतच नाही, म्हणून घ्यायचीच तर एका वेळी एकच, तीही वैद्य आणि डॉक्टर दोघांना सांगून घ्यावी.

वैशालीताई आता डॉक्टरांच्या संमतीने अश्वगंधाची एक कॅप्सूल रात्री दुधाबरोबर घेतात. दूध यजमान गरम करतात, आणि पहाटेचा गजर सव्वापाचचा लागतो.