नॉब हलवला की घर डोक्यावर!

प्रश्न: नमस्कार सर, मी दादरला राहतो. वडिलांच्या वेळचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे, पूर्वी टेप डेकवर मस्त चालायचा, आता स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारा डबा) जोडलाय. रात्री हळू ऐकायचं म्हटलं तर नॉब जेमतेम सरकवला की नुसता डावा स्पीकर वाजतो, उजवा जवळपास गप्प, आणि जरा पुढे नेला की शेजारचे भिंत ठोकतात. वर खरखर पण आहेच. दुकानदार म्हणतो स्टेप्ड अटेन्युएटर (टप्प्याटप्प्याने फिरणारा आवाजाचा नॉब) बसवा, एक मित्र म्हणतो अ‍ॅपमधून आवाज कमी कर, दुसरा म्हणतो तसं केलं की बिट्स उडतात, म्हणजे गाण्यातले बारकावे जातात. काय करू?

उत्तर: दुकानदाराला एवढ्यात पैसे देऊ नका. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये सिग्नलच जास्त घुसतोय. टेप डेक साधारण अर्धा व्होल्ट द्यायचा, सीडी प्लेअर आल्यापासून २ व्होल्टची पद्धत पडली, स्ट्रीमरही तीच पाळतो, आणि त्या काळच्या अ‍ॅम्पला फुल वाजायला ०.१५ ते ०.२ व्होल्ट पुरे. म्हणजे सरळ २० डीबी (डेसिबल) जास्त झाले, मग नॉब सुरुवातीच्या बोटभर जागेतच फिरवावा लागणार, आणि पॉट (नॉबमागचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) नेमका तिथेच कच्चा असतो, कारण एका दांड्यावर डाव्या-उजव्याच्या दोन वेगळ्या पट्ट्या असतात, त्या मधल्या भागात बऱ्यापैकी जुळतात पण अगदी खाली जुळत नाहीत. अल्प्सचा तो फेमस निळा पॉट लावलात तरी हे कमी होईल, संपणार नाही.

तेव्हा अ‍ॅपमध्ये आवाज १५ डीबीने खाली आणा. अ‍ॅप टक्केच दाखवत असेल तर नॉब घड्याळातल्या अकराला आणून ठेवा आणि रात्रीचा आवाज बरोबर वाटेपर्यंत टक्के कमी करा. बिट्सचं म्हणाल तर एका बिटमागे ६ डीबी धरा, गाणं १६ बिटचं, डॅक (डिजिटल गाण्याचा ऑडिओ सिग्नल करणारा भाग) २४ बिटचा, म्हणजे ८ बिट शिल्लक, ४८ डीबीपर्यंत काळजी नाही. डॅक १६ बिटचाच असेल तर मात्र दुसऱ्या मित्राचं खरं, मग आरसीए प्लगमध्ये (ऑडिओ केबलच्या लाल-पांढऱ्या टोकात) बसणारा, सिग्नल १० किंवा १२ डीबीने कमी करणारा छोटा अटेन्युएटर लावा, काम तेच. फक्त उलटं करू नका, म्हणजे अ‍ॅम्प फुल आणि सगळा कंट्रोल अ‍ॅपवर, कारण एखाद्या अपडेटनंतर अ‍ॅप गुपचूप १०० टक्क्यांवर गेलं तर ट्वीटर (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर) जातील, शेजाऱ्यांचं तर सोडाच.

खरखरीला लॅमिंग्टन रोडवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. प्लग काढून पॉटच्या फटीत मारा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा, वाळू द्या. शिलाई मशीनचं तेल प्लीज नको. महिन्याभरात परत खरखर आली तर पॉटला शिव्या न देता आतले जुने कपॅसिटर तपासून घ्या, त्यातून डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) झिरपून पॉटवर आला तरी असाच आवाज येतो.

आणि हो, लाउडनेसचं बटण. जुन्या बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये ते नॉबच्या जागेप्रमाणे बेस वाढवतं, नॉब खाली तर बेस जास्त. आता नॉब वर गेला की ती वाढ कमी होणार, हळू आवाजात कानाला बेस तसाही कमी ऐकू येतो, त्यामुळे बेसचा नॉब थोडा वाढवा आणि खुशाल ऐका.

प्रश्न: पॅसिव्ह प्रीअ‍ॅम्प घेतोय (वीज न लागणारा, नुसता आवाज कमी-जास्त करणारा डबा), ५० हजार ओहमचा पॉट आहे, तिथून पॉवर अ‍ॅम्पपर्यंत ५ मीटर केबल. चालेल का? (मुलुंड)

उत्तर: नको. अशा पॉटचा आउटपुट इम्पीडन्स (बाहेर पडताना सिग्नलला होणारा अडथळा) साडेबारा हजार ओहमपर्यंत चढतो, ५ मीटर केबलची कपॅसिटन्स (विजेचा भार साठवायची क्षमता) ५०० पिकोफॅरड धरली तर २५ किलोहर्ट्झला ३ डीबी गेलेच, म्हणजे त्याच्या आधीच वरच्या सुरांची धार जायला लागते. १० हजारचा पॉट घ्या, नाहीतर केबल मीटरभर ठेवा आणि स्पीकरची वायर लांबवा.