चाळीस अर्ज, एकही उत्तर नाही

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पुण्यात सकाळचे साडेआठ, म्हणजे ओहायोत रात्रीचे अकरा. मी परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांची समुपदेशक. अनिकेतचा (नाव बदललं आहे) व्हिडिओ कॉल आला. मूळचा सांगलीचा, डेटा सायन्सच्या एमएससाठी ऑगस्टमध्येच गेलेला. "मॅडम, कॅम्पसवर पार्ट-टाइम कामासाठी चाळीस ठिकाणी अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. माझ्यातच काही कमी आहे का?"

हा प्रश्न दरवर्षी याच सुमारास कुणी ना कुणी विचारतं. त्याच्या पोटातली खरी गोष्ट थोड्या वेळाने बाहेर आली. कर्जाचं व्याज बाबा दरमहा भरत होते आणि रूममेटच्या ओळखीतून एका पेट्रोल पंपावर रात्रपाळीचं काम चालून आलं होतं. पैसे रोख, कागदोपत्री काही नाही.

मी एरवी निर्णय समोरच्यावर सोडते. इथे मात्र सरळ 'नाही' म्हटलं. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय केलेलं काम, एका रात्रीचं का असेना, उघडकीला आलं तर शिक्षणच अर्धवट राहू शकतं. इंटर्नशिप आणि पदवीनंतरचं ओपीटी (शिकलेल्या विषयात तात्पुरतं काम करायची परवानगी) तर लांबच.

मग त्याला स्क्रीन शेअर करायला लावली. हँडशेक या विद्यार्थ्यांसाठीच्या नोकऱ्यांच्या वेबसाइटवरचे त्याचे अर्ज एकेक करून उघडले. चाळीसपैकी सव्वीस जागांखाली बारीक अक्षरात 'वर्क-स्टडी' लिहिलेलं. ती अमेरिकन सरकारच्या आर्थिक मदतीतली कामं, परदेशी विद्यार्थ्याला मिळतच नाहीत. पोरगा चुकीच्या रांगेत उभा राहून स्वतःला नालायक ठरवत होता. उरलेल्या चौदा ठिकाणी एकच रेझ्युमे धाडलेला: दोन पानी, कोपऱ्यात फोटो, दहावीचे टक्के, न्यूरल नेटवर्कचा प्रोजेक्ट. लायब्ररीच्या काउंटरवर पुस्तकं देणाऱ्याच्या न्यूरल नेटवर्कचं त्यांनी काय करायचं?

"अर्ज राहू देत," मी म्हटलं. "उद्या दुपारी तीनला, गर्दी ओसरली की डायनिंग हॉलमध्ये जा आणि मॅनेजरला तोंडी विचार." सत्राच्या मध्यावर परीक्षा सुरू झाल्या की बरीच मुलं हे काम सोडतात, हे मला आधीच्या मुलांकडून माहीत होतं. दहा दिवसांनी तो भांडी धुण्याच्या विभागात रुजू झाला, तासाला 13 डॉलरवर. मॅनेजरचं आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाचं अशी दोन पत्रं घेऊन सोशल सिक्युरिटी नंबरसाठीही (पगारासाठी लागणारा सरकारी क्रमांक) जाऊन आला.

सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास, ही कॅम्पसवरच्या सगळ्या कामांची मिळून मर्यादा. महिन्याला हजार-अकराशे डॉलर होतात. भाडं, किराणा निघतो. फी निघत नाही, कर्ज तर नाहीच. हा हिशोब मुलगा जायच्या आधी घरात मांडला जात नाही, आणि याला आम्ही समुपदेशकही जबाबदार आहोत.

त्यानंतर अनिकेतच्या आईचा फोन. "ताटं घासायला पाठवला का हो त्याला अमेरिकेला? इथे चहाचा कप कधी उचलला नाही त्यानं." खरं सांगायचं तर अनिकेतपेक्षा काकूंशीच मी जास्त बोलले. त्यांना कामाची लाज नव्हती, नातेवाइकांत काय सांगायचं हा घोर होता.

इंटर्नशिपचं गणित वेगळं. मोठ्या कंपन्या पुढच्या उन्हाळ्याच्या जागा आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच भरायला लागतात. "आधी कॅम्पसवरचं काम मिळू दे, मग बघू" म्हणून सप्टेंबरचा करिअर फेअर अनिकेतने चुकवला होता. शिवाय फॉर्ममधल्या 'आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का' (म्हणजे कामाच्या व्हिसासाठी कंपनीने अर्ज करावा लागेल का) या प्रश्नाला तो 'नाही' ठोकत होता, कुणा सीनियरच्या सल्ल्याने. ते खोटं आहे, पुढे अंगाशी येतं. 'हो' लिहिल्यावर काही दारं बंद होतात, हे मान्य. म्हणून आम्ही मोर्चा छोट्या, स्थानिक कंपन्यांकडे वळवला. विभागातल्या एका प्राध्यापकांकडे आठवड्याला एकदा जाऊन बसायचंही ठरलं. त्यांच्याकडूनच एप्रिलमध्ये एका मालवाहतूक कंपनीचं नाव कळलं आणि मुलाखत झाली. तोवर वर्गातल्या बऱ्याच जणांचं ठरून गेलं होतं. त्या दोन-तीन महिन्यांत त्याची झोप उडाली होती, ते पुन्हा कधीतरी लिहीन.

सीपीटीसाठी, म्हणजे शिकता शिकता इंटर्नशिप करायच्या परवानगीसाठी, साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं लागतं. त्याची दोन सत्रं झाली होती. ऑफर लेटर दिलं, इंटर्नशिपचा कोर्स घेतला, आता परवानगी छापलेला नवा आय-20 (विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्याला देतं तो अधिकृत कागद) यायचा होता. रुजू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी रात्री पुन्हा फोन. "मॅडम, आय-20 आला नाहीये. मॅनेजर म्हणतात, सोमवारी नुसतं ओरिएंटेशनला ये, काम नको करूस."

"नको जाऊस. आत्ताच मेल टाक की परवानगीचा कागद आला की येतो."

मेल लिहिताना त्याचे हात कापत होते, असं त्यानेच नंतर सांगितलं. मॅनेजरचं दोन शब्दांचं उत्तर आलं: काही हरकत नाही. बुधवारी आय-20 आला, गुरुवारी तो रुजू झाला.

सांगलीत काकू अजूनही सांगतात की पहिल्या वर्षी तो 'युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात' होता.