नॉरफोकला जायचं तर आधी भरतीची वेळ बघा

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. ऑगस्टमध्ये सासू-सासरे आलेले असणार, मुलं ८ आणि ५ वर्षांची, म्हणून आठवडाभर इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉरफोक काउंटीत कॉटेज घ्यायचं ठरवतोय. मी प्लॅन केलाय : एक दिवस केंब्रिज, एक दिवस नॉरिच, एक दिवस ब्रॉड्समध्ये (तिथल्या नद्या-तळ्यांच्या जाळ्यात) बोट, एक दिवस क्रोमर, एक दिवस हन्स्टंटन, एक दिवस सील बघायला आणि उरलेला दिवस बीच. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मैत्रिणी म्हणतात नॉरफोक सपाट आहे, बोअर होईल, कॉर्नवॉलला जा. काय करू?

उत्तर : कॉर्नवॉल सुंदरच आहे, पण तिथले कडे, चढउतार आणि बर्मिंगहॅमहून तिथवरचा ड्राइव्ह हे सगळं दुखऱ्या गुडघ्यांसोबत करायचं तर अवघड आहे, आणि तुमच्या मैत्रिणी ज्याला बोअर म्हणतात तो सपाटपणाच तुमच्या सासूबाईंसाठी सगळ्यात मोठी सोय आहे. अख्ख्या नॉरफोकमधली सगळ्यात उंच टेकडी जेमतेम १०० मीटरची. तेव्हा नॉरफोक पक्कं करा, प्लॅन मात्र बदला असं मी मनापासून सांगेन. या काउंटीत मोटरवे एकही नाही, किनाऱ्याचा ए१४९ रस्ता गावागावातून वळत जातो आणि ऑगस्टमध्ये तो भरलेला असतो, त्यामुळे रोज एक ठिकाण धरलंत तर मुलं मागच्या सीटवर आणि आजीआजोबा पुढच्या ट्रॅफिककडे बघत बसतील. केंब्रिज काढून टाका, ते बर्मिंगहॅमहून कधीही होईल. नॉरिचचं कथीड्रल १०९६ साली बांधायला घेतलेलं, बघण्यासारखं आहेच, पण ते पावसाच्या दिवसासाठी ठेवा.

राहायला मी वेल्स-नेक्स्ट-द-सी हे किनाऱ्यावरचं गाव सुचवेन (पुढे नुसतं वेल्स म्हणेन, वेल्स देश नव्हे). गावात दुकानं आहेत, बंदराचा धक्का आहे, जिथे मुलं दोरीला आमिष बांधून तासन्तास खेकडे पकडत बसतात (बघून परत पाण्यात सोडायचे, आणि एका बादलीत फार कोंबायचे नाहीत), आणि धक्क्यापासून बीचपर्यंत साधारण दीड किलोमीटरची सरळ, सपाट वाट आहे. कॉटेज बुक करताना फोटोतल्या गारगोटीच्या भिंती आणि लाल कौलं बघून भुलू नका, मी स्वतः भुलले होते. जुन्या कॉटेजचे जिने अरुंद आणि उभे असतात आणि बाथरूम बऱ्याचदा वरच असतं. मालकाला सरळ विचारा की खाली बेडरूम आणि टॉयलेट आहे का. "सहा जणांची सोय" लिहिलेलं असेल तर त्यातले दोन जण सोफाबेडवर आहेत का तेही विचारा. जुन्या धान्याच्या कोठाराचं घर केलेलं बरेचदा एकमजली असतं, ते मिळालं तर उत्तम. शाळांच्या सुट्टीत बहुतेक जण पूर्ण आठवडाच देतात, शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार, दुपारी चारच्या आत घर मिळत नाही आणि निघायच्या दिवशी सकाळी दहाला सोडायचं असतं, त्यामुळे तुमचे सात दिवस म्हणजे खरे सहाच.

आता मुख्य गोष्ट. या किनाऱ्यावर दिवस कसा जाणार ते घड्याळ नाही, भरती ठरवते. वेल्स, ब्लेकनी, मॉर्स्टन इथल्या खाड्या ओहोटीला अक्षरशः रिकाम्या होतात, बोटी चिखलात टेकून बसतात आणि सहा तासांनी तिथेच पाणी झुलत असतं. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून मॉर्स्टनहून ब्लेकनी पॉइंटला सील दाखवायला नेणाऱ्या बोटींच्या वेळाही रोज बदलतात, सोमवारी दहाला सुटली म्हणून गुरुवारी दहाला जाऊन उपयोग नाही. त्या आठवड्याचं भरतीचं टाइमटेबल काढा, आधी बोटीचा दिवस ठरवा आणि बाकी सगळं त्याभोवती बसवा. फेरी साधारण तासाभराची असते, सील वाळूवर पडलेले असतात आणि बोट अगदी जवळून जाते, सासूबाईंना एक पाऊलही चालावं लागणार नाही, फक्त बोटीत चढता-उतरताना मदत लागेल का ते बुकिंग करतानाच विचारून घ्या. आणि ऑगस्ट असला तरी जाड जॅकेट घ्या, पाण्यावरचा वारा बोचतो.

होल्कमचा बीच मुलांसाठी स्वर्ग आहे, पाइनच्या झाडीतून बाहेर आलं की समोर नुसती वाळू, ओहोटीला समुद्र शोधावा लागतो इतका लांब. पण इथेच सावध राहा. पाणी समोरून लाटा होऊन येत नाही, ते मागच्या चरांमधून गुपचूप भरत येतं आणि तुम्ही वाळूच्या उंचवट्यावर उभे असता तेव्हा परतीचा रस्ता गेलेला असतो. मी एकदा शंख गोळा करत पुढे गेले आणि परत येताना मुलीला कडेवर घेऊन गुडघाभर पाण्यातून यावं लागलं, ती भीती अजून आठवते. वेल्सच्या बीचवर भरती सुरू झाली की भोंगा वाजतो, तो ऐकला की काहीही चाललं असलं तरी मागे फिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ब्रँकास्टरच्या बीचकडे जाणारा रस्तासुद्धा पाण्याखाली जातो, गाडी लावून निवांत बसू नका.

हन्स्टंटनला सकाळी नको, संध्याकाळी जा. पूर्वेकडच्या किनाऱ्यावरचं हे गाव पश्चिमेकडे तोंड करून आहे म्हणून सूर्य समुद्रात मावळताना दिसतो, खाली तपकिरी, मध्ये लाल आणि वर पांढरा असे पट्टे असलेला कडा त्या उन्हात पेटल्यासारखा दिसतो. कड्याच्या अगदी खाली मात्र उभं राहू नका, दगड सुटतात. आजीआजोबांना वरच्या हिरवळीवर बसवा.

क्रोमरचा दिवस शेरिंगमला जोडा. शेरिंगमहून होल्टपर्यंत वाफेच्या इंजिनाची गाडी जाते, आठ-नऊ किलोमीटरच, पण पाच वर्षांच्या मुलाला तेवढी पुरे आणि आजोबांना खिडकी. क्रोमरला हेन्री ब्लॉग यांच्या नावाचं लाइफबोट म्युझियम नक्की बघा. ५३ वर्षं लाइफबोटीवर काढलेला हा खेकडे पकडणारा माणूस, त्याने आणि त्याच्या साथीदारांनी ८७३ जीव वाचवले. मला त्या काउंटीतलं सगळ्यात जास्त काय आवडलं विचाराल तर हेच. ब्रॉड्स पुढच्या वेळी.

प्रश्न : सीलची पांढरी पिल्लं बघायला डिसेंबरमध्ये नॉरफोकला जावं का? हॅपिसबर्गचा तुटणारा कडापण बघायचा आहे.

उत्तर : जा की. करड्या सीलची पिल्लं नोव्हेंबर ते जानेवारीत होतात, हॉर्सी गावाच्या किनाऱ्याला वाळूच्या टेकड्यांवरच्या वाटेवरून दिसतात. खाली बीचवर उतरू नका, माणूस जवळ आला की आई पिल्लाला सोडून पाण्यात जाते आणि पिल्लू उपाशी राहतं. कुत्रा असेल तर पट्टा कायम हातात. गावाचं स्पेलिंग वाचून हॅपिसबर्ग वाटतं पण तिथले लोक हेझब्रा म्हणतात, रस्ता विचारताना तसंच म्हणा. २०१३ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर आठ लाख वर्षांहून जुने माणसांच्या पावलांचे ठसे उघडे पडले होते, मोठ्यांचे आणि मुलांचेही, आणि थोड्याच दिवसांत त्याच समुद्राने ते पुसून नेले. डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा दोन्ही ठिकाणं एका दिवसात करायची असतील तर सील सकाळीच बघून घ्या.