फिनिश शिकायला पार्टिटिव्हपासूनच सुरुवात करा

ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या टाम्पेरेला रुजू व्हायचंय, फिनिशच्या 15 विभक्ती ऐकून धास्ती बसलीय आणि त्यांतलाच एक, पार्टिटिव्ह, काही केल्या डोक्यात शिरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर आधी तोच धरा.

'घरात, घरातून, घरावर' या विभक्ती आपल्याला जड जात नाहीत. आधी शब्द वाकवायचा आणि मग प्रत्यय लावायचा, ही सवय आपल्याला लहानपणापासून आहे: पाऊस, पावसात. तिकडे दुकान म्हणजे 'काउप्पा' आणि दुकानात म्हणजे 'काउपास्सा'. एक प गळला, एवढंच.

पार्टिटिव्हला मात्र मराठीत जोड नाही, आणि तो लागतो पावलोपावली. एकाहून मोठ्या आकड्यापुढे नाम अनेकवचनात जात नाही, एकवचनी पार्टिटिव्हमध्ये जातं. बेकरीत दोन 'पुल्ला' (वेलदोडा घातलेला गोड पाव, जरूर खा) हवे असतील तर 'काक्सि पुल्लाआ'. गाडी आहे म्हणताना 'आउतो', नाही म्हणताना 'आउतोआ'.

खरी मेख पुढे आहे. घर सोडताना मी मालकीणबाईंना 'सीवोसिन हुओनेत्ता' म्हटलं. खोली चकचकीत होती, तरी त्यांनी विचारलं, "मग पूर्ण कधी होईल?" मला म्हणायचं होतं 'सीवोसिन हुओनेएन', खोली साफ करून झाली. पण माझ्या वाक्यात खोली पार्टिटिव्हमध्ये होती, म्हणून अर्थ निघाला, साफ करत होते. क्रियापद दोन्हीकडे तेच. काम पुरं झालं की नाही, हे आपण 'करत होते' आणि 'करून टाकलं' असं क्रियापदात दाखवतो. फिन लोक ते 'हुओने' या नामाच्या शेपटीत दाखवतात. हे उमगलं त्या दिवशी माझं निम्मं व्याकरण सुटलं. नकारात मात्र हा विचारच करायचा नाही. 'खोली साफ केली नाही' म्हणताना कर्म पार्टिटिव्हमध्येच.

म्हणून शब्द कधीही एकटा पाठ करू नका, तीन रूपांत करा. पाण्याचं बघा: वेसि (पाणी), वेदेन (पाण्याचं), वेत्तॅ (पार्टिटिव्ह). नुसतं 'वेसि' पाठ असेल तर 'वेत्तॅ' ऐकून पाणी डोळ्यांपुढे येणार नाही. निघेपर्यंत रोज पाच शब्द वहीत उतरवा आणि मोठ्याने म्हणा. युले वाहिनीवर सोप्या फिनिशमध्ये बातम्या असतात, त्या आत्तापासून ऐका. सुरुवातीला अर्थ लागला नाही तरी चालेल, कर्माची शेपटी तेवढी पकडा.