तुझा फॉर्म तू भर

बाळा,

परवा बजाजनगरात टपरीवर तू मोबाईल माझ्यापुढं धरलास आणि म्हणलास, काका बघा ना, डिप्लोमावाल्यांसाठी एका वर्षात बी.टेक., घरबसल्या, क्रेडिट ट्रान्सफरवर, करू का? मी चहा अर्धा ठेवून उठलो. तुला वाटलं असेल काकाला राग आला. आलाच होता, पण तुझा नाही. म्हणजे पूर्ण तुझा नाही. ती जाहिरातीची पीडीएफ मी २००८ ला बघितलेली आहे, तेव्हा ते गुळगुळीत कागदाचं पॉम्प्लेट होतं, एवढाच काय तो फरक.

तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस वगैरे मी लिहीत बसत नाही, ते तुझ्या कंपनीतल्या प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथल्या, हेल्परलाही माहितीय. सहा वर्षं झाली तुला. ज्या जीईटी, म्हणजे नव्या ट्रेनी इंजिनिअर, पोराला तू डाय सेटिंग, म्हणजे प्रेसमध्ये साचा बसवणं, शिकवलंस, पार्टच्या कडेला बर, म्हणजे धारदार कूस, आली तर आधी काय बघायचं ते दाखवलंस, ते पोरगं आज असिस्टंट मॅनेजर आणि तू त्याला रोज सकाळी रिजेक्शनचा आकडा सांगतोस. इंटर्नल व्हेकन्सीच्या कागदावर ग्रॅज्युएट लिहिलंय आणि तू डीएमई, म्हणजे मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. झोंबतं हे, झोंबणारच. पण झोंबलेला माणूस घाई करतो आणि घाईत फॉर्म दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळा होतो. मी झालो होतो.

म्हणून एवढं मोठं लिहायलोय त्यात सांगायचंय एकच, तुझा फॉर्म तू भर.

मी १९९८ चा डिप्लोमा. त्याच वर्षी चिकलठाण्याला लागलो. २००८ ला आमच्या शॉपमधले नऊ जण एकदम बी.टेक.ला चिकटले, दूरच्या कुठल्या तरी राज्यातल्या अभिमत म्हणजे डीम्ड विद्यापीठाचं, पत्राद्वारे. सिडकोत एक गाळा होता, खाली झेरॉक्स आणि वर स्टडी सेंटर. सेंटरवाला म्हणला साहेब तुम्ही ड्युटीवाले लोक, फक्त चार फोटो आणि सह्या द्या, बाकी सगळं आमच्याकडं लागलं. मी लई खुश. फॉर्मवर माझ्या वडलांचं नाव चुकलंय हे मला मार्कशीट हातात आल्यावर कळालं, यावरनं समज मी तो फॉर्म किती वाचला होता. ७५ हजार भरले तीन हप्त्यात, त्यातला शेवटचा हप्ता वडलांनी कापूस विकून दिला. लॅब कुठंय हे मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. इंजिनिअरिंगची डिग्री आणि लॅब नाही, वीस मशीनच्या शॉपमध्ये उभा राहणाऱ्या माणसाला हे खटकू नये? खटकलं होतं. गप्प बसलो.

मग ३ नोव्हेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. काही अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईची, म्हणजे तांत्रिक शिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय संस्थेची, परवानगी न घेता पत्राद्वारे इंजिनिअरिंग शिकवलं होतं, त्यावरचा. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांना एआयसीटीईची परीक्षा देऊन डिग्री वाचवायची संधी मिळाली, त्याच्या नंतरच्यांच्या डिग्र्या सरळ रद्द. मी नंतरचा. कोर्टानं फी परत द्यायलाही सांगितलं होतं, पण माझ्याकडची पावती विद्यापीठाची नव्हतीच, गाळेवाल्याच्या लेटरहेडवर होती, आणि गाळ्यात तोपर्यंत मोबाईल रिपेअरिंगचं दुकान झालेलं. माझा फॉर्म त्यानं भरला, माझे पैसे त्यानं भरले, मग परत मागणारा मी कोण?

कंपनीनं काढलं नाही, ते एक बरं. पण पुढच्या प्रमोशनच्या वेळी एचआरनं दार लावून घेऊन विचारलं, ही डिग्री अजून सीव्हीत ठेवायची का तुम्हाला? तो प्रश्न मी कुणालाच सांगितला नव्हता, तुझ्या काकूलाही नाही, आज तुला लिहितोय. गावाकडं अंबड तालुक्यातल्या घरी ती डिग्री फ्रेम करून वडलांनी भिंतीवर लावलेली, देवघराच्या वर. ते गेले तरी त्यांना माहीत नव्हतं. फ्रेम अजून तिथंच आहे. उतरवायला जातो दरवेळी आणि पाणी पिऊन परत येतो.

लोक म्हणतात तू फसलास. मला ते पटत नाही. त्या वेळी सगळेच करत होते, पेपरात जाहिराती येत होत्या, कंपन्याही त्यावर बढत्या देत होत्या, मग मला एकट्यालाच कळायला पाहिजे होतं का? असं मी स्वतःशी पुष्कळ भांडलोय. पण नऊ जणांपैकी एकानं तरी तेव्हा एआयसीटीईला साधं पत्र टाकून विचारलं असतं तर? कुणीच नाही टाकलं. फॉर्मच आपण भरत नव्हतो तर पत्र कोण लिहिणार.

आता तुझ्या पीडीएफकडं येतो. एका वर्षात बी.टेक., ऑनलाइन. बाळा, युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाच्या, २०२० च्या नियमांत इंजिनिअरिंग हा विषय ऑनलाइन आणि दूरशिक्षणातून वगळलेलाच आहे. म्हणजे ती डिग्री चांगली का वाईट, स्वस्त का महाग हा प्रश्नच नाही, ती वस्तूच अस्तित्वात नाहीये. आणि त्यात खाली बारीक अक्षरात जुन्या तारखेनं मार्कशीट मिळेल असं जे लिहिलंय तो सरळ गुन्हा आहे, त्यात उद्या पोलीस तुझ्या रूमवर येतील, गाळेवाला सापडणार नाही.

क्रेडिट ट्रान्सफर, म्हणजे आधी शिकलेलं पुढच्या डिग्रीत मोजून धरायचं, हा शब्द तू यूट्यूबवर ऐकला म्हणलास. तो अमेरिकेतला व्हिडिओ असणार. तिथं टेक्निकल विषयात दोन वर्षांची असोसिएट डिग्री असते, साधारण ६० क्रेडिटची, आणि बॅचलर १२० च्या आसपास, त्यामुळं आधीचं धरून उरलेलं ऑनलाइन पूर्ण करायचं आणि सुपरवायझरचं मॅनेजर व्हायचं ही तिथली रूढ वाट आहे. एजंटानं तोच शब्द उचलून तुझ्या एमएसबीटीईच्या, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या, डिप्लोम्याला चिकटवलाय. आपल्याकडं तू बीबीए किंवा बी.कॉम. करायला गेलास तर तुझा तीन वर्षांचा डिप्लोमा बहुतेक ठिकाणी बारावीच्या जागी धरतात आणि तुला पहिल्या वर्षाला बसवतात, म्हणजे तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं, सहा सेमिस्टर. अन्याय आहे का? आहे थोडासा. पण खोट्या शॉर्टकटपेक्षा खरा लांबचा रस्ता बरा, हे आता मी नाही म्हणलं तर कोण म्हणेल.

खरं काय आहे ते बघ. युजीसीच्या डीईबीच्या, म्हणजे दूरशिक्षण विभागाच्या, साईटवर कुठल्या विद्यापीठाला कुठल्या कोर्सची, कुठल्या वर्षासाठी मान्यता आहे त्याची यादी असते. विद्यापीठ आहे म्हणून भागत नाही, तो कोर्स आणि ते सत्र त्यात पाहिजे. तिथं प्रवेशाला लागणारा तुझा डीईबी आयडी तूच काढायचा, त्याला आधी एबीसी आयडी, म्हणजे तुझ्या क्रेडिटच्या खात्याचा नंबर, लागतो, तो डिजीलॉकरवरनं निघतो. काउन्सेलर म्हणेल सर ओटीपी सांगा मी काढून देते. देऊ नकोस. तुझा फॉर्म तू भर. फी विद्यापीठाच्याच पोर्टलवर, तुझ्याच खात्यातून. आणि ईएमआयवर डिग्री म्हणजे कुणाचं तरी कर्ज असतं, कॉलेज सोडलंस तरी हप्ता सुटत नाही, गाडीचा हप्ता चालू असताना हे गणित नीट कर. परत फोनवर कुणी म्हणलं की फक्त दोन सीट उरल्यात तर हसून फोन ठेव, ऑनलाइन वर्गात कुणाची खुर्ची भरलीय रे?

मान्यतेची ऑनलाइन डिग्री नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची धरायची हे युजीसीनं २०२२ ला स्पष्ट केलंय, तिच्यावर पुढं एमबीएला बसता येतं. नुसत्या डिप्लोम्यावर एमबीए होत नाही, कुणी देतो म्हणला तर वर लिहिलेला गाळा आठव. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, इग्नू १९८५ पासून, दोन्ही ठिकाणी नोकरीवाल्यांची गर्दी असते, लाजण्यासारखं काही नाही.

पण त्याच्याही आधी एक काम, तुझ्या व्हेकन्सीचा तो कागद परत वाच. ग्रॅज्युएट लिहिलंय का इंजिनिअरिंग ग्रॅज्युएट? तू मला ग्रॅज्युएट म्हणून सांगितलंस, मी विचारलं कुठली शाखा, तू म्हणलास बघितलं नाही. कामून नाही बघितलं? तीन वर्षं आणि पैसे त्या एका शब्दावर लावायला निघालास आणि शब्द वाचला नाहीस! बी.ई.च पाहिजे असेल तर बीबीए करून उपयोग नाही, मग राज्याच्या प्रवेशाचं काम बघणाऱ्या सीईटी सेलकडनं थेट दुसऱ्या वर्षाला जा, नाहीतर एआयसीटीईनं २०२३ पासून नोकरीवाल्यांसाठी सोयीच्या वेळेतल्या बॅचला परवानगी दिलीय, एक वर्षाचा अनुभव लागतो, आपल्या संभाजीनगरात कुठल्या कॉलेजला आहे ते सेलच्या यादीत शोध. मी शोधून देणार नाही. शोधून देऊ शकतो, देणार नाही.

मी २०१९ ला मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला प्रवेश घेतला, वयाच्या चाळिशीत. या वेळी फॉर्म स्वतः भरला, वडलांचं नाव तीनदा तपासलं. सेंटरवरची पोरं मला सर समजून नमस्कार करायची, मी पण करून घ्यायचो. आणि तुला खरं सांगू का, पदवीपेक्षा जास्त कामाला आला तो कॉस्टिंगचा पेपर. वीस वर्षं मी फायनान्सवाल्यांशी भांडलो की माझ्या पार्टची कॉस्ट एवढी कशी, मटेरियल आणि मजुरी धरून तर इतकी होत नाही. तिथं पहिल्यांदा नीट कळालं की शेडचं भाडं, कॉम्प्रेसरची वीज, मेंटेनन्स, अगदी वॉचमनचा पगार हे सगळं मशीनच्या तासावर वाटून माझ्या पार्टवर चढवलेलं असतं, आणि मशीन सेटअपमध्ये, म्हणजे डाय बदलायला, उभी राहिली की तोच खर्च कमी पार्टवर पडतो. तू रोज सेटअप चाळीस मिनिटांवरनं पंचवीसवर आणायचा जीव तोडून प्रयत्न करतोस, पण त्या पंधरा मिनिटांचे रुपये किती हे तुला मीटिंगमध्ये सांगता येत नाही. तो जीईटी पोरगा सांगतो. तिथं तू मागं पडतोस, डाय सेटिंगमध्ये नाही. म्हणून असाइनमेंट ग्रुपवरनं उचलून चिकटवू नकोस. इग्नूत बहुतेक विषयांना असाइनमेंटचे ३० टक्के आणि परीक्षेचे ७० असतात, तीस फुकट मिळतात म्हणून पोरं कॉपी मारतात, आणि शिकायचं असतं ते नेमकं त्या तिसातच. तीही फॉर्मच समज. तुझी तू लिही.

वेळ मिळत नाही म्हणू नकोस. किंवा म्हण, थर्ड शिफ्टच्या आठवड्यात खरंच नाही मिळत, माणूस नुसता झोपेत चालतो, मी त्या आठवड्यात पुस्तक उघडायचोच नाही. सेकंडच्या आठवड्यात सकाळचे दोन तास काढायचे. परीक्षेच्या तारखा आल्या की त्याच दिवशी रजेचा अर्ज टाक, आयत्या वेळी डिस्पॅचचं कारण सांगून रजा कापतात, मी सुद्धा कापलेल्या आहेत दुसऱ्यांच्या.

उद्या तू मॅनेजर झालास की कस्टमर कम्प्लेंट आल्यावर रूट कॉजचा, म्हणजे मूळ कारणाचा, कागद येईल, खाली तुझी सही. न वाचता सही करायची सवय फॉर्मपासनं लागते. मला लागली होती, त्यातनं सुटायला दहा वर्षं गेली. कडक बोलतोय वाटत असेल. वाटू दे.

काल हे सगळं, तो एचआरचा प्रश्न सोडून, काकूला वाचून दाखवलं तर ती म्हणली, आणि पोरीचा सीईटीचा फॉर्म कुणी भरला गेल्या वर्षी? मीच भरला. तो विषय वेगळा आहे, शेवटच्या दिवशी साईट बंद पडत होती. तर ते असो.

या रविवारी घरी ये, अकराच्या पुढं. लॅपटॉप आहे, नेट आहे. तुझं आधार, दहावीचं सर्टिफिकेट, डिप्लोम्याच्या सगळ्या मार्कशीट आणि तो व्हेकन्सीचा कागद घेऊन ये. मी समोर बसेन, कीबोर्डला हात लावणार नाही. आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर वडलांचं नाव ज्ञानोबा लिहिलंय का ज्ञानदेव ते आजच बघून ठेव, आधारवर दुसरं निघालं तर आधी तेच काम करावं लागेल.

तुझा काका