बाबाचं जहाज आणि सोप्यावरचे पाट

पत्र : माझा मुलगा क्रूझवर कामाला आहे. सात-आठ महिने घरी नसतो. आता जहाज पोर्तुगालला, लिस्बनच्या बाजूला आहे, हिवाळ्यात ब्राझीलला जाईल म्हणतो. सून नोकरी करते, त्यामुळे पाच आणि आठ वर्षांची नातवंडं शाळेतून आली की माझ्याकडे. संध्याकाळी सोप्यावर पाट मांडून आम्ही जहाज करतो, रोज एका देशात उतरतो, कागदाचं काहीबाही बनवतो. मी सातवी शिकले, पुण्यापलीकडे गेलेली नाही. परवा मी ब्राझील आफ्रिकेत आहे असं सांगितलं, तेव्हा सून म्हणाली, "आई, मनचं सांगू नका, टॅबवर सगळं नीट असतं." त्याच दिवशी धाकटी "आज बाबाकडेच उतरूया" म्हणून हटून बसली आणि रडत झोपली. तेव्हापासून पाट भिंतीला टेकून उभे आहेत. माझं चुकलं का?
— एक आजी, फोंडा तालुका, गोवा

प्रिय ताई,

पाट आज संध्याकाळीच खाली घ्या.

आधी धाकटीचं रडणं. ते खेळामुळे आलं नाही, बाबाच्या आठवणीनं आलं. खेळात तिला ते बोलता आलं एवढंच. मात्र पाच वर्षांच्या मुलीला 'खोटं खोटं' आणि 'खरं' यांतली रेघ आपण आखून द्यावी लागते. जहाज सुटायच्या आधीच सांगा, "बाबा कामावर आहे. तो आज भेटणार नाही, पण तो जिथे आहे ते गाव आपण बघून येऊ." आणि खऱ्या भेटीसाठी रंगीत कागदाची साखळी करा. साईन-ऑफला, म्हणजे बाबा जहाजावरून सुटून घरी यायला, जितके आठवडे उरले तितक्या कड्या, दर रविवारी एक कडी तिनं स्वतः कापायची. तारीख पुढे गेली, आणि या नोकरीत ती जातेच, तर कड्या वाढवा, पण तिच्यासमोर आणि तिला सांगून. गुपचूप वाढवू नका.

पुठ्ठ्याची दोन घड्याळंही करा, एक घरचं, एक बाबाचं. उन्हाळ्यात लिस्बन आपल्या साडेचार तास मागे असतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच तास. ब्राझीलचा सांतुस बंदराकडचा किनारा साडेआठ तास मागे. तुमच्याकडे रात्री आठला मुलं जेवतात तेव्हा सांतुसला सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. बाबा फोन का उचलत नाही, हे धाकटीला त्या काट्यांवरून कळेल.

आता तुमची सातवी. ताई, तुम्ही जगात गेला नसाल, पण जग तुमच्या घरात केव्हाच येऊन बसलंय. सकाळी भोंपू वाजवत येणारा पदेर बघा. पोर्तुगीजमध्ये पाव भाजणाऱ्याला 'पादेयरु' म्हणतात, त्याचाच हा पदेर. चावी, साबण, बादली, अननस, बटाटा हे शब्दही तिकडूनच आले. मुलांना चिठ्ठ्या लिहून वस्तूंना चिकटवू द्या. काजू तर मूळचा ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी इथे आणला. त्या देशात नाताल शहराजवळ काजूचं एक झाड आहे. त्याच्या फांद्या जमिनीला टेकल्या, तिथे मुळं धरली आणि ते एकटं झाड सुमारे दोन एकरांवर पसरलंय. अंगणात खडूनं एक फांदी काढा, ती टेकते तिथून दुसरी, असं मुलांना कुंपणापर्यंत जाऊ द्या. (हंगामात काजूच्या बोंडूंचे ठसे जरूर काढा, पण कच्ची बी मुलांच्या हाती नको, सालीतल्या चिकानं कातडी भाजते.)

लिस्बनसाठी नीळ घ्या, कपड्यांना घालतो तीच. तिथे घरांच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या लाद्या असतात, त्यांना 'अझुलेजु' म्हणतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे सारखे चौकोन कापा. प्रत्येकाच्या एकाच कोपऱ्यात कापसाच्या बोळ्यानं पाव फूल रंगवायचं. वाळल्यावर चार चौकोन जवळ लावले की मधोमध अख्खं फूल जुळतं. हे बघताना मुलांचे चेहरे बघा. मग एखाद्या रविवारी पणजीला फोंतेन्यास या जुन्या वस्तीत नेऊन घरांच्या नावाच्या तशाच पाट्या शोधायला लावा. येताना रायबंदरहून चोडणची फेरीबोट करा, म्हणजे खरं पाणीही ओलांडून होईल.

मोठा एक दिवस विचारेल, पोर्तुगीज इथे का आले? टाळू नका. काजू आणणाऱ्यांनीच देवळंही पाडली. मंगेशीचा देव 1560 मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला का न्यावा लागला, हे तुमच्या तालुक्यातल्या मुलाला कळायलाच हवं. आणि 19 डिसेंबर 1961 ला ती राजवट संपली, हेही. आठव्या वर्षी ते पेलतं.

तुमच्या सूनबाई एका बाबतीत बरोबर आहेत, ताई. चुकीचं सांगू नये. न येणारं "मला माहीत नाही, शोधूया" असं म्हणा. भिंतीवर जगाचा नकाशा लावा आणि ब्राझील मुलांनाच शोधू द्या. दक्षिण अमेरिकेचा निम्मा भाग त्यानंच व्यापलाय, चटकन सापडेल. टॅबही चालेल, पण आधी प्रश्न हवा, मग टॅब. "आजीचं चुकलं होतं" हे तुम्ही त्यांच्यासमोर म्हणालात तर त्यानं तुमचा मान कमी होणार नाही.

पण मला वाटतं, त्या बोलण्यात टॅबपेक्षा थकवा जास्त होता. नवरा दूर, दिवसभर नोकरी, आणि घरी आल्यावर मुलगी बाबासाठी रडतेय. तिला दोषी धरू नका, जहाजावर घ्या. जुन्या वह्यांचे पासपोर्ट करा. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की फुलासारखा छान शिक्का उमटतो. तो मारायचा मान फक्त सूनबाईंचा. ती घरी येईपर्यंत कुणीही बंदरात उतरायचं नाही.

मुलाला आज निरोप पाठवा, लिस्बनला उतरलास तर भिंतीवरच्या एका लादीचा फोटो काढ, फुलाची हवी. धाकटीची लादी त्या फोटोशेजारी लावून बघा.

तुमची,
ताई